शेळीच्या चातुर्याची कमाल मर्यादा

नागरी सुविधा खात्याच्या मुख्य कार्यालयात, प्रतीक्षागृहाच्या भिंतींवर चार मोठे टीव्ही बसवण्यात आले. ते बसवून झाल्यावर त्यांवर काय दाखवायचं याचा विचार सुरू झाला. बातम्या लावल्या तर नागरिक अस्वस्थ होतात, सामने लावले तर आपला नंबर पुकारलेला त्यांना ऐकू येत नाही, आणि काहीच न लावता काळा पडदा ठेवला तर त्यात त्यांना स्वतःचे चेहरे दिसतात. तिसऱ्या बाबीबद्दल लेखी तक्रारी आल्यामुळे खात्याने दोन मिनिटांचा एक कार्टूनपट करून घ्यायचं ठरवलं. मागणीपत्रात म्हटलं होतं: ‘एका चतुर प्राण्याने खात्याच्या सुविधांचा लाभ घेऊन आपला अर्ज मार्गी लावला, असे दाखवावे. प्राणी चतुर असावा. मात्र त्याच्या चातुर्यामुळे कोणत्याही अधिकाऱ्याची, कर्मचाऱ्याची अथवा अन्य प्राण्याची गैरसोय होऊ नये.’

हे काम एका लहानशा स्टुडिओकडे आलं. स्टुडिओच्या मालकाचे दोन्ही चांगले चित्रकार तेव्हा टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या मगरीवर बसले होते, म्हणून काम शेपटीबाईंकडे गेलं.

शेपटीबाईंचं हे नाव स्टुडिओतच पडलं होतं. तिथल्या पद्धतीप्रमाणे मुख्य चित्रकार वाघाच्या उडीची सुरुवात आणि शेवट काढायचा आणि मधली सगळी हालचाल बाकीचे भरायचे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात बाईंनी एका माकडाची शेपटी अशी झोकात हलवली, की मालकाने त्या दिवसापासून सगळ्या शेपट्या त्यांच्याकडे देऊन टाकल्या. त्याला अकरा वर्षं झाली. या काळात त्यांनी शेकडो जनावरांना मागून ओळखलं, पण पुढून एकही त्यांच्या वाट्याला आलं नाही.

“पूर्ण प्राणी जमेल ना तुम्हाला?” मालकाने विचारलं.

“डोक्यापासून?”

“डोक्यापासून.”

“शेपटी जमते,” बाई म्हणाल्या. “बाकीचं बघते.”

बाकीचं बघण्यासाठी त्या वही घेऊन तीन दिवस त्या प्रतीक्षागृहातच जाऊन बसल्या. सात खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीतून दुसरीकडे, दुसरीतून तिसरीकडे असे लोक सरकत सातवीपर्यंत जायचे, आणि सातवीतला माणूस त्यांना पहिलीतली सही राहिली आहे असं सांगायचा. दोरीने बांधलेल्या पेनात रिफिल नव्हती. पण दोरी मात्र नवी होती. तिसऱ्या दिवशी एक उभट चेहऱ्याची बाई आली. तपकिरी शाल, हनुवटी थोडी पुढे, तोंडात काही नसताना चघळत असल्यासारखी जबड्याची हालचाल. अर्ज कुठे द्यायचा असं तिने विचारलंच नाही. तिने शिपायाला विचारलं, “हा कागद शेवटी कुणाच्या टेबलावर जातो?” आणि चाळीस मिनिटांत काम उरकून ती निघून गेली. जाताना तिने कुणाकडे वळून पाहिलं नाही, पण हॉलमधलं सगळं तिला दिसत होतं अशी शेपटीबाईंची खात्री झाली.

त्यांनी घरी जाऊन शेळी काढली.

एक कान वर, एक खाली. बारीक दाढी. आणि शेळीला असतात तशा आडव्या बाहुल्या, ज्यांनी समोर बघता बघता दोन्ही बाजूंचंही दिसतं. पुढून, मागून, बाजूने, बसलेली, वैतागलेली, काहीतरी कळल्यामुळे गप्प झालेली. या शेवटच्या चित्रावर बाई दोन दिवस होत्या.

शेळी कशी वागेल ते सुचायला मात्र त्यांना अजिबात वेळ लागला नाही. त्यांची आई याच खात्याच्या एका शाखेत चौतीस वर्षं काचेमागे होती. लहानपणी शाळा सुटली की बाई आईच्या टेबलाखाली बसून वाया गेलेल्या अर्जांच्या पाठीवर चित्रं काढायच्या. तिथून त्यांना आईचे पाय दिसायचे आणि चाकांची खुर्ची दिसायची. दोन, चार आणि सहा नंबरच्या खिडक्यांना मिळून एकटी आईच होती. डाव्या पायाने जमिनीला रेटा द्यायचा की खुर्ची सरकत पुढच्या खिडकीशी जायची. दोन नंबरवर आई गोड बोलायची, चार नंबरवर खेकसायची आणि सहा नंबरवर सर्दी झालेल्या माणसासारखी बोलायची. दोन नंबरवर नकार मिळालेला माणूस चार नंबरवर दाद मागायला जायचा, आणि खुर्ची त्याच्याआधी तिथे पोहोचलेली असायची.

तर शेळी हॉलमध्ये येते, अर्ज तोंडात धरून बसते, काचेखालच्या फटीतून तिला चाकं दिसतात, आणि ती रांगेत उभी न राहता खुर्ची जिथे थांबेल तिथे आधीच जाऊन थांबते. एवढीच गोष्ट होती.

बाईंनी चित्रं आईपुढे पसरली. आईने चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

“डावं चाक कुरकुरायचं,” आई म्हणाली.

“आवाज घालणार आहोत.”

आईने सगळी चित्रं पुन्हा क्रमाने लावली. मग, हरवलेली किल्ली सापडल्यावर बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, “चौतीस वर्षांत मला इतकं नीट कोणी पाहिलं नव्हतं.”

पहिल्या बैठकीला खात्याचे उपसंचालक, सल्ल्यासाठी बोलावलेले जनावरांचे डॉक्टर आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणारे एक कारकून होते. उपसंचालकांनी शेळीकडे सहानुभूतीने पाहिलं.

“ही शेळी आहे की बोकड?”

“शेळी.”

“मग दाढी?”

“शेळीला दाढी असते,” डॉक्टर म्हणाले. “पुष्कळ शेळ्यांना असते.”

“असू दे. कार्यालयात येताना नसावी.”

कारकुनांनी ते लिहून घेतलं. पुढचा मुद्दा तोंडातल्या अर्जाचा होता. गेल्या वर्षी खात्यातल्या काही फायली सापडेनाशा झाल्या होत्या आणि त्यांची चौकशी चालू होती. अशा वेळी शेळीच्या तोंडात सरकारी कागद दाखवणं म्हणजे चौकशीच्या निष्कर्षाला दिशा देणं होय, असं उपसंचालकांचं मत पडलं.

“शेळ्या कागद खात नाहीत हो,” डॉक्टर म्हणाले. “नुसता चाखतात.”

“कोणी चाखला आणि कोणी गिळला, ते चौकशीत ठरेल. कागद काढा.”

“पण ती अर्जदार आहे,” शेपटीबाई म्हणाल्या. “अर्ज कुठे धरणार? तिला हात नाहीत.”

“मग अर्ज नको. तिची भावना पोहोचली म्हणजे झालं.”

मग उपसंचालकांनी पान उलटलं आणि त्यांना खुर्ची दिसली. ते उठले, दार लावलं आणि परत येऊन बसले.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“काय?”

“दोन, चार, सहा.”

आईच्या वेळचं सगळं आईबरोबर निवृत्त झालं असेल, असं शेपटीबाई धरून चालल्या होत्या. “सुचलं,” त्या म्हणाल्या.

“असं कोणाला सुचत नसतं. आमची सदतीस कार्यालयं आहेत. बाहेरून सात खिडक्या दिसतात, आणि नागरिकांचा विश्वास आहे तो त्या साताच्या आकड्यावर आहे. आत किती माणसं आहेत ही बाब गोपनीय आहे.”

त्याच आठवड्यात माहिती फुटल्याबद्दल चौकशी नेमण्यात आली. तातडीचा उपाय म्हणून सदतीसही कार्यालयांतल्या खुर्च्यांची चाकं काढण्यात आली, म्हणजे पुढेमागे चित्र बाहेर गेलंच तर ते धादांत खोटं ठरावं. चाकं गेल्यावर कर्मचाऱ्यांनी तीन खिडक्यांमध्ये चालत जावं, असं सुचवण्यात आलं. परंतु चालणं हे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. तेव्हा ते दोन नंबरवर बसून राहिले, आणि चार व सहा नंबरसाठी ‘खिडकी तात्पुरती बंद आहे’ अशा चौऱ्याहत्तर पाट्या छापून घेण्यात आल्या. पाट्या पितळेच्या होत्या.

शेळीचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा होता. मागणीपत्रात ‘चतुर’ हा शब्द होता, पण किती, ते म्हटलं नव्हतं. त्यासाठी चातुर्य मर्यादा समिती बसली. समितीने तत्त्व ठरवलं, की शेळीचं चातुर्य सर्वसाधारण नागरिकापेक्षा किंचित जास्त, पण खात्यातल्या कनिष्ठतम कर्मचाऱ्यापेक्षा कमी असावं. कनिष्ठतम कर्मचाऱ्याचं चातुर्य मोजायचं तर चाचणी घ्यावी लागणार होती. कर्मचारी संघटनेने चाचणीला हरकत घेतली. चाचणी रद्द झाली आणि ती संख्या ‘अनिश्चित’ म्हणून नोंदली गेली.

“अनिश्चितपेक्षा कमी म्हणजे किती?” शेपटीबाईंनी विचारलं.

समितीने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “धोका नको असेल, तर जवळपास काहीच नको.”

घरी आईने हे सगळं ऐकून घेतलं. मग सल्ला दिला, “प्रत्येक हरकत लेखी माग. लेखी म्हटलं की निम्म्या हरकती पळतात. आमच्या वेळी पळायच्या.”

बाईंनी हरकती लेखी मागितल्या. कोपऱ्यातल्या कारकुनांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. चुकीच्या रांगेत तासभर उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघतात तसं. तोवर हरकती अकरा होत्या. त्या लेखी द्यायच्या म्हणून एक स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला, आणि कक्षाला काम हवं म्हणून त्या सव्वीस झाल्या. एक कान वर असणं हा कर्मचाऱ्यांचं खाजगी बोलणं ऐकण्याचा प्रयत्न ठरला. दोन्ही कान खाली आले. आडव्या बाहुल्यांमुळे शेळी संशय घेते असं वाटतं, सबब बाहुल्या गोल झाल्या. जबड्याच्या हालचालीतून ती काही पुटपुटत असल्याचा भास होत होता, म्हणून जबडा थांबला. ‘कळल्यामुळे गप्प झालेली’ या चित्रावर शेरा आला: ‘काय कळले ते स्पष्ट करावे, अन्यथा कळू नये.’

एवढं झालं तरी बाईंनी खुर्ची सोडली नव्हती. चाकं काढा म्हटल्यावर चाकं काढली, काच रंगवा म्हटल्यावर काच रंगवली. पण खुर्ची चित्रात ठेवली. शेवटी उपसंचालकांनी त्यांना एकट्यांनाच बोलावलं आणि चहा मागवला. चहा आला तेव्हाच बाईंना कळलं की आता काहीतरी वाईट येणार.

“तुमच्या मातोश्री आमच्याच खात्यात होत्या म्हणे.”

बाईंनी कप खाली ठेवला.

“चौकशी अधिकाऱ्यांनी दोन-चार-सहावर काम केलेल्यांची यादी काढली आहे. बहुतेक जण वारले. तुमच्या मातोश्री, ईश्वरकृपेने, सापडतात.” त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “चौकशी लांबते हो. पाच-सात वर्षं सहज. दर मंगळवारी त्यांना इथे येऊन बसावं लागेल, आणि आता तर तीनच्या जागी एकच खिडकी… असो. तुम्ही सही केलीत तर चौकशीला विषयच उरत नाही.”

कागदावर एकच वाक्य होतं: ‘सदर खुर्ची माझ्या कल्पनेतही कधी नव्हती.’

बाईंनी एक दिवस मागून घेतला.

आईला सांगितलं तेव्हा आई चक्क खूश झाली. “बोलवू दे की. जाते मी. सगळं सांगते. वाटल्यास तिन्ही आवाज काढून दाखवते.” आणि तिने तिथल्या तिथे सहा नंबरचा, सर्दीचा आवाज काढून दाखवला. हुबेहूब होता. पण दाखवताना तिचा डावा पाय आपोआप जमिनीला रेटा द्यायला गेला आणि गुडघ्यातून कळ आली तशी ती थांबली. ते गुडघ्याचं दुखणं त्या खुर्चीनेच दिलेलं होतं. बाईंच्या डोळ्यांसमोर प्रतीक्षागृहातले लोखंडी बाक आले, मंगळवार आले, दोन नंबरची ती एकुलती एक खिडकी आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

संध्याकाळी आईने विचारलं, “केलीस?”

“केली. तुला त्रास नको म्हणून.”

आईने चष्मा काढून घडी करून ठेवला. “मला वाचवलंस की खात्याला?”

पुढचे दोन दिवस आई बाईंशी बोलली, पण चार नंबरच्या आवाजात.

आता शेळीकडे अर्ज नव्हता, दाढी नव्हती, बघायला खुर्ची नव्हती आणि बघितलं तरी काही कळायची परवानगी नव्हती. मंजूर झालेल्या कथेनुसार ती प्रतीक्षागृहात येऊन बसते आणि दोन मिनिटं बसून राहते. शेवटी ‘धन्यवाद’ अशी अक्षरं येतात. कोण कुणाचे आभार मानतो, ते समितीने मुद्दाम मोघम ठेवलं होतं.

शेपटीबाईंनी सव्वीसच्या सव्वीस हरकती पुन्हा एकदा वाचल्या. श्वासाबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं.

त्यांनी शेळीचा श्वास काढायला घेतला. पोट फुगतं तेव्हा बरगड्यांवरचे केस कसे पसरतात, श्वास सोडताना खांदा केसभर खाली कसा येतो, मध्येच एखादा मोठा श्वास का येतो. चित्रामागून चित्र, असे पाच आठवडे गेले. मालकाने येऊन पाहिलं.

“हिला काही करायचंच नाहीये, तर एकच चित्र काढा आणि दोन मिनिटं ठेवा.”

“एकच ठेवलं तर मेल्यासारखी दिसेल.”

“जिवंत असावी असं मागणीपत्रात कुठे म्हटलंय?”

बाईंनी ऐकून घेतलं आणि पुढचं चित्र काढलं.

शेवटच्या बैठकीत दिवे मालवून कार्टूनपट दाखवला गेला. दिवे लागले तेव्हा डॉक्टर चष्मा हातात घेऊन बसले होते. “श्वास बरोबर आहे,” एवढंच ते म्हणाले. कोपऱ्यातल्या कारकुनांनी ते वाक्य इतिवृत्तात घेतलं नाही, म्हणून ते वाचलं.

“चतुर वाटते,” उपसंचालक म्हणाले. “अजिबात त्रास देत नाही.”

कार्टूनपट सदतीस कार्यालयांत लागला आणि कल्पनेबाहेर यशस्वी झाला. दोन खिडक्या बंद असल्यामुळे पूर्वी तीन तासांत होणाऱ्या कामाला आता दोन दिवस लागत होते. तेवढ्या वेळात दर नागरिकाची शेळी शेकडो वेळा बघून होत होती. इतके प्रेक्षक इतक्या वेळा इतक्या शांतपणे दुसरं काही बघत असल्याची नोंद खात्याकडे नव्हती. समारंभ झाला. मानचिन्ह मालकाने घेतलं. श्रेयनामावलीत मूळ संकल्पना म्हणून उपसंचालकांचं नाव होतं, आणि अगदी खाली, तांत्रिक साहाय्यात, ‘शेपटी’ या शब्दासमोर बाईंचं.

आईने कार्टूनपट बघायचा हट्ट धरला तेव्हा बाई तिला प्रतीक्षागृहात घेऊन गेल्या. बाकांवर माणसं दाटीने बसली होती. त्यांचे हात मांडीवर होते आणि डोळे पडद्यावर. आईने शेळी एकदा पाहिली, मग पुन्हा पाहिली. तिसऱ्या वेळी तिने बाईंचा हात हातात घेतला आणि घट्ट धरला. तेव्हा ती दोन नंबरच्या आवाजातही बोलली नाही आणि चारच्याही नाही.

नेमकं तेव्हाच खात्याचं सर्वेक्षण चालू होतं. सर्वेक्षक एकेका नागरिकाचा अर्ज स्वतःच्या हातात घ्यायचा आणि मग, अर्ज हातात असतानाच, विचारायचा: शेळी चतुर वाटते का? फिरत फिरत तो आईपर्यंत आला. आईकडे अर्ज नव्हता, त्यामुळे तो जरा गोंधळला. पण त्याने विचारलं.

“आधी होती,” आई म्हणाली.

‘आधी होती’ असा रकाना त्याच्या तक्त्यात नव्हता. त्याने ते ‘नाही’मध्ये टाकलं.

अहवालानुसार शंभरापैकी सत्त्याण्णव नागरिकांना शेळी चतुर वाटली. उरलेल्या तिघांचे पत्ते खात्याने मागवले आहेत. हे सर्वेक्षण कार्यालयात येणाऱ्यांपुरतं मर्यादित न ठेवता, शेळीबद्दल ज्यांनी ज्यांनी काही ऐकलं वा वाचलं आहे त्या सर्वांपर्यंत नेण्याचा दुसरा टप्पा आता मंजूर झाला आहे. तेव्हा एखाद्या दिवशी सर्वेक्षक तुमच्याही दारात उभा राहील. त्याच्या हातात तक्ता असेल, आणि तुम्ही कुठल्यातरी खिडकीत देऊन ठेवलेला तुमचा तो एक अर्जही असेल. तुम्ही काय उत्तर द्याल याची खात्याला मुळीच काळजी नाही. अहवालाची छपाई सुरूही झाली आहे.